चौदा काठ्यांची मोळी

खांद्यावर गोल्फची बॅग घेऊन निघालेला माणूस दुरून पाहिला, की रानातून मोळी घेऊन उतरणाऱ्याची आठवण होते. लांब-आखूड काठ्या, काहींची टोकं कापडात गुंडाळलेली, पावलागणिक होणारा खडखडाट. मोळीतली काठी कुठेही खोचलेली असली तरी चूल पेटते. इथे मात्र कोणती काठी कुठे ठेवायची यावर लोक हिरिरीनं वाद घालतात. बॅगा बनवणाऱ्यांनी बॅगेचं तोंड चार, पाच, सहा, सात आणि चक्क चौदा कप्प्यांत वाटून पाहिलं आहे. आणि बॅगेत एक काठी जास्त निघाली म्हणून एका नामवंत खेळाडूला ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या दिवशी दंड भोगावा लागला आहे.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. गोल्फमध्ये चेंडू मारायच्या काठीला क्लब म्हणतात आणि जिथे खेळायला जायचं त्या संस्थेलाही क्लबच म्हणतात. नाशिकनं त्यात आणखी एक भर घातली आहे. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला जुने नाशिककर अजून ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणतात. तिथे रणजीचे सामने होतात, सकाळी माणसं फेऱ्या मारायला येतात, गोल्फ तेवढा कोणी खेळत नाही. या लेखात क्लब म्हणजे काठी, एवढं धरून चालू.

एका माणसाला इतक्या काठ्या लागतात कशाला, हा प्रश्न क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला पडणारच. एक बॅट घेऊन तो दिवसभर खेळतो, गुडलेंथला एक आणि बाउन्सरला दुसरी असं काही नसतं. पण क्रिकेटमध्ये चेंडू दुसऱ्याच्या हातून येतो आणि फटका त्याप्रमाणे बदलावा लागतो. गोल्फमध्ये चेंडू जमिनीवर मुकाट पडलेला असतो. चेंडू तोच, मारणारा तोच आणि जमलं तर फटकाही तोच. बदलतो तो क्लब. बॅगेतला सर्वांत लांब क्लब म्हणजे ड्रायव्हर, साधारण ४५ इंचांचा. त्याचं तोंड जेमतेम दहा-एक अंश मागे झुकलेलं असतं, म्हणून चेंडू लांब जातो. सात नंबरचं आयर्न ३७ इंचांच्या आसपास, झुकाव तीसेक अंश. वाळूतून चेंडू काढायची सँड वेज ३५ इंचांची, आणि तिचं तोंड ५६ अंशांपर्यंत कललेलं. त्यामुळे चेंडू वर उडतो आणि पडला की फार पळत नाही. या झुकावाला लॉफ्ट म्हणतात. सेट नीट जुळवलेला असेल तर एका आयर्ननंतर पुढचं उचललं की दहा-बारा यार्डांचा फरक पडावा, असा हिशेब असतो. आमच्यासारख्या हौशी मंडळींच्या हातात तो हिशेब पार बिघडतो, ही गोष्ट वेगळी.

आता हे चौदा कुठून आले ते पाहू, कारण बॅग लावायचा सगळा खटाटोप या आकड्यापासून सुरू होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत क्लबांना नंबर नव्हते, नावं होती. ब्रॅसी, स्पून, क्लीक, मॅशी, निब्लिक. ब्रॅसीच्या तळाला पितळेची पट्टी असायची म्हणून ती ब्रॅसी. आजच्या मोजणीत मॅशी म्हणजे साधारण पाच नंबर आणि निब्लिक म्हणजे नऊ. काठ्या हिकरी नावाच्या लाकडाच्या असत आणि लाकडाचा स्वभाव दर काठीला वेगळा. एकीला लवचीकपणा जास्त, दुसरी ताठ. खेळाडू दुकानात जाऊन काठ्या हातात घेऊन, हलवून, झुलवून एकेक निवडायचा. असा जमवलेला संच आठ-दहांच्या पलीकडे क्वचित जाई. अमेरिकेच्या चिक इव्हान्सनं १९१६ची यूएस ओपन स्पर्धा अवघ्या सात क्लबांनी जिंकली. अधलंमधलं अंतर काढायचं तर तो त्याच मॅशीनं अर्धा फटका मारायचा, किंवा ग्रिप खाली पकडायचा. कसब हातात होतं.

मग लोखंड आलं. स्टीलचे शाफ्ट, म्हणजे क्लबचे दांडे, अमेरिकेत १९२०च्या दशकाच्या मध्याला मान्य झाले. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमधल्या आर अँड ए या नियामक संस्थेनं १९२९मध्ये त्यांना परवानगी दिली. स्टीलला लाकडासारखा स्वभाव नसतो. एकासारखा दुसरा, दुसऱ्यासारखा तिसरा असे शाफ्ट कारखान्यात बनू लागले. जुळणारे संच आले आणि त्यांच्याबरोबर नावं गेली, नंबर आले. नंबर आले की मधल्या जागा दिसायला लागतात. पाच आणि सहाच्या मध्ये काही असेल का? असेल तर विकता येईल का? बघता बघता बॅगा फुगल्या. १९३४ आणि १९३५ अशी लागोपाठ दोन वर्षं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडची हौशी अजिंक्यपदं जिंकणारा लॉसन लिटल पंचविसाच्या वर क्लब घेऊन फिरायचा. ती बॅग वाहणाऱ्याच्या खांद्याचं काय झालं असेल, याचा विचार लोकांनी तेव्हाही केला. बॅग वाहणारे कॅडी वाकले होते आणि अर्धा फटका मारायची कला विसरली जात होती, म्हणून अमेरिकेच्या नियामक संस्थेनं १९३८पासून चौदाची मर्यादा घातली, आणि पुढच्या वर्षी आर अँड एनंही तोच आकडा उचलला. तेव्हापासून काही बदललेलं नाही. चौदापेक्षा कमी कितीही चालतात, जास्त एकही नाही.

मर्यादा आली की निवड आली. फिल मिकलसननं २००६ची मास्टर्स जिंकली तेव्हा त्याच्या बॅगेत दोन ड्रायव्हर होते, दोन वेगवेगळ्या वळणांचे फटके मारायला. २०१३मध्ये मेरियनच्या यूएस ओपनमध्ये त्यानं ड्रायव्हर घेतलाच नाही, वेज मात्र पाच घेतल्या, आणि तो दुसरा आला. माणूस तोच, खेळ तोच. मैदान बदललं की चौदांचं मंत्रिमंडळ बदलतं.

आमच्यासारख्यांच्या बॅगेत सहसा पुढचं पथक असतं. ड्रायव्हर, तीन नंबरचं वूड आणि दोन हायब्रिड, हे चार लांब. पाच ते नऊ नंबरची पाच आयर्न. चार वेज: पिचिंग, गॅप, सँड आणि लॉब. आणि चेंडू होलमध्ये ढकलायचा एक पटर. चार, पाच, चार, एक. ही बेरीज मी मुद्दाम अशी मांडतो आहे, कारण माझ्या मते बॅग लावायची खरी युक्ती तीत आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

बॅगेला पाठ असते, हे नवख्याला कोणी सांगत नाही. खांद्याचा पट्टा आणि उचलायची मूठ ज्या बाजूला असते ती पाठ. पाय असलेली बॅग जमिनीवर टेकवली की स्प्रिंगनं दोन पाय उघडतात, बॅग कलते आणि पाठीची बाजू वर येते. सर्वांत लांब क्लब या वरच्या कप्प्यात, त्यांच्याखाली आयर्न, आणि तळाशी, जमिनीजवळच्या कप्प्यात वेज. मैदानावरच्या गाडीच्या मागे बॅग उभी बांधली तर पाठ गाडीकडे जाते, म्हणजे लांब क्लब मागे आणि आखूड पुढे, आपल्या हाताशी. शाळेत वर्गाचा फोटो काढताना फोटोग्राफर उंच मुलं मागच्या बाकावर उभी करायचा आणि बुटकी पुढे सतरंजीवर बसवायचा, तोच नियम. पुढचा मागच्याला झाकत नाही आणि सगळ्यांची तोंडं दिसतात.

या मांडणीत एक अडचण मात्र शिल्लक राहते. आयर्नची लोखंडी डोकी ज्या उंचीवर येतात, बरोबर तिथे ड्रायव्हरचा ग्राफाइटचा शाफ्ट असतो. ग्राफाइट हलकं आणि जोरकस, पण ओरखड्याला भित्रं. चालताना लोखंड त्याच्यावर आपटत राहिलं की रंग जातो, आणि ओरखडा खोल गेला तर शाफ्ट पुढे दगा देऊ शकतो. म्हणून मध्ये कापडाची भिंत हवी, आणि म्हणूनच ड्रायव्हर-वूडच्या डोक्यांवर टोप्या घालतात. आयर्नवर टोप्या घालणारेही भेटतात. त्यांच्याकडे बाकीचे खेळाडू, थंडी नसताना कानटोपी घालून आलेल्याकडे पाहावं तसे पाहतात. मी त्यातला नाही. लोखंडाला लोखंड लागलं तर खणखणणारच; फक्त शेजारचा फटका मारायच्या बेतात असताना आपण बॅग हलवू नये.

पटरवर मात्र दोन तट आहेत. एक पक्ष म्हणतो, तो ड्रायव्हरशेजारी वरच्या कप्प्यात ठेवा; ग्रिप जाड असते आणि बाकीच्यांत अडकते. दुसरा म्हणतो, तो सर्वांत पुढे, हाताच्या टोकाशी हवा. मी दुसऱ्या पक्षाचा, आणि त्याला कारण आहे. अठरा होल्सच्या मैदानाचा पार, म्हणजे अपेक्षित फटके, साधारण ७२ असतो, तो प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या हिरवळीवर, पटरचे दोन फटके गृहीत धरून. म्हणजे सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी ३६ फटके, निम्मा खेळ, पटरनं होतो. ड्रायव्हरचा रुबाब मोठा, पण बहुतेक मैदानांवर चार छोटे होल असतात, तिथे तो टोपीतून बाहेरही येत नाही. दिवसभरात जास्तीत जास्त चौदा वेळा. घरातही असंच असतं. पाहुण्यांसाठीची काचेची भांडी वरच्या फळीवर जातात, चहा-साखरेचे डबे ओट्यावर राहतात. उंचीप्रमाणे लावणं हे डोळ्यासाठी, वापराप्रमाणे लावणं हे हातासाठी, आणि दोघांचं जिथे जुळत नाही तिथे मी हाताचं ऐकतो. बऱ्याच बॅगांना आता पटरसाठी वेगळी, रुंद जागा असते. जाड ग्रिपचे पटर आल्यापासून ती लागतेच.

कप्प्यांची संख्या हा दुकानदाराचा आवडता विषय. चौदा क्लबांना चौदा घरं, हे ऐकायला फार छान वाटतं. घेताना एक गोष्ट मात्र वाकून पाहावी: भिंती तळापर्यंत गेल्या आहेत का? बऱ्याच बॅगांत कप्पे फक्त तोंडाशी असतात. आतमध्ये सगळे शाफ्ट एकाच विहिरीत उतरतात, आणि रबराच्या ग्रिप तळाशी एकमेकींना चिकटून बसतात. वरून घरं वेगळी, खाली चूल एकच. सात नंबर ओढावा तर त्याच्याबरोबर आठ नंबरही अर्धा वर येतो. भिंती तळापर्यंत असल्या तर हे टळतं, पण कापड वाढलं की वजन वाढतं. चालणाऱ्यासाठी चार-पाच कप्प्यांची हलकी बॅग पुरते. गाडीवर टाकणाऱ्यानं खुशाल चौदा घरांचा वाडा बांधावा.

वजनाचा हिशेबही करून पाहावा. एक क्लब सरासरी चारशे ग्रॅमचा धरला तर चौदांचे साडेपाच किलो होतात. डझनभर चेंडूंचे अर्धा किलोहून थोडे अधिक. पाणी, छत्री, बॅग स्वतः, मग कुणाचं सफरचंद, कुणाचा चिवडा. अठरा होल्स पायी म्हणजे सात-आठ किलोमीटरची चाल, तीही चार तास. जड वस्तू पाठीच्या जवळ आणि मध्यावर ठेवाव्यात, हे ट्रेकिंगच्या सॅकचं सूत्र इथेही लागू पडतं. पाण्याची बाटली बाहेरच्या खिशात टोकाला लटकवली तर दहाव्या होलपर्यंत बॅग खांद्यावर फिरायला लागते. आणि वर्षातून एकदा तरी सगळे खिसे उलटे करून झटकावेत. माझ्या बॅगेत मागच्या खेपेला एकवीस चेंडू निघाले. त्यातले नऊ माझे नव्हते.

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या दंडाच्या खेळाडूकडे, इयान वूस्नमकडे येऊ.

हा वेल्सचा बुटका, दणकट खेळाडू १९९१चा मास्टर्स विजेता. दहा वर्षांनी, जुलै २००१मध्ये, इंग्लंडच्या रॉयल लिदम अँड सेंट अ‍ॅन्सवर ब्रिटिश ओपन होती आणि शेवटच्या दिवशी तो आघाडीच्या झुंडीत होता. लिदमचा पहिला होल पार-तीनचा, दोनशेहून थोड्या अधिक यार्डांचा; ओपनच्या मैदानांमध्ये ही अपूर्वाई. वूस्नमनं आयर्न काढलं आणि चेंडू झेंड्यापासून काही इंचांवर नेऊन ठेवला. पहिल्याच फटक्यात होल व्हायचा तो थोडक्यात राहिला. दोन फटक्यांत होल पूर्ण, म्हणजे पारपेक्षा एक कमी, बर्डी, आणि तो आघाडीवर. दुसऱ्या टीवर, म्हणजे दुसऱ्या होलच्या सुरुवातीला, ड्रायव्हर घ्यायची वेळ आली तेव्हा कॅडी माइल्स बर्नच्या लक्षात आलं की बॅगेत ड्रायव्हर दोन आहेत. सकाळी सरावाच्या मैदानावर वूस्नम दोन ड्रायव्हर आलटून-पालटून मारून पाहत होता. एक परत काढून ठेवायचा राहिला. एकूण क्लब पंधरा.

नियम सरळ आहे. ज्या होलवर जास्तीचा क्लब बॅगेत होता त्या प्रत्येक होलला दोन फटक्यांचा दंड, एका फेरीत जास्तीत जास्त चार. तो क्लब वापरला की नाही याला काही अर्थ नाही. बॅगेत होता, एवढं पुरे. पहिला होल पार-तीनचा नसता तर पहिल्याच टीवर ड्रायव्हरला हात गेला असता आणि एकही फटका मारण्याआधी चूक कळली असती. दोनाचे चार झाले, बर्डीची बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त, झाली. वूस्नमनं तो ड्रायव्हर रागानं झुडपाकडे भिरकावला. जगानं ते टीव्हीवर पाहिलं. दिवसअखेर डेव्हिड डुव्हल जिंकला आणि वूस्नम त्याच्या चार फटके मागे, तिसऱ्या क्रमांकावर, आणखी पाच जणांबरोबर. दंडानं त्याचं विजेतेपद गेलं असं म्हणायची पद्धत आहे. आकडेमोड तसं म्हणत नाही: ते दोन फटके वजा केले तर तो एकटा दुसरा आला असता. मात्र पहिल्या होलवर आघाडीला पोचलेल्या माणसाला दुसऱ्या टीवर असं काही ऐकवलं नसतं तर पुढचे सतरा होल तो कसा खेळला असता, याची आकडेमोड करता येत नाही.

मला या प्रसंगात रस आहे तो बॅगेपुरता. बॅग लावायची ती हवा तो क्लब चटकन सापडावा म्हणून, असं सगळे सांगतात. ते खरं आहे, पण ते दुय्यम आहे. हवा तो क्लब शोधून सापडतोच. फार तर चार सेकंद जास्त. जो नको तो आत आहे, किंवा जो असायला हवा तो नाही, हे शोधून सापडत नाही, कारण ते आपण शोधतच नसतो. ते आपोआप दिसावं लागतं. चार लांब, पाच आयर्न, चार वेज, एक पटर अशी घरं ठरलेली असतील तर मोजायला लागत नाही. चारांच्या जागी पाच डोकी दिसली की नजर अडखळते. पंगतीत एक पान जास्त मांडलं गेलं तर वाढणाऱ्याला ते न मोजता कळतं, तसं.

आणि उलटही. क्लब हरवतो तो नेहमी ग्रीनच्या कडेला. चेंडू ग्रीनच्या जरा अलीकडे पडला की माणूस दोन क्लब घेऊन जातो, एक वेज आणि एक पटर. वेजनं चेंडू वर चढवतो, वेज गवतावर टाकतो, पटरनं होल संपवतो, गुण लिहितो, गप्पा मारत पुढच्या टीकडे चालू लागतो. वेज गवतावर. एकदा माझी सँड वेज अशीच राहिली आणि मला पत्ता लागला तो तीन होल पुढे, बंकरमध्ये उतरल्यावर. बॅगेत क्लब कसेही कोंबलेले होते, त्यामुळे ती आहे या समजुतीनं मी सगळी बॅग उपसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, इथे काखेतला कळसाच गावात राहिला होता. मागच्या गटाबरोबरच्या कॅडीनं ती आणून दिली. दुरूनच त्यानं ती उंच धरली होती. “सँड राहिली होती साहेब,” म्हणाला, आणि बॅगेकडे एक नजर टाकून पुढे काही बोलला नाही. त्या न बोलण्यानं मी बॅग लावायला शिकलो. तेव्हापासून ग्रीनवर वेज ठेवायची झाली तर ती झेंड्याच्या काठीवर आडवी ठेवतो. झेंडा होलमध्ये परत लावल्याशिवाय कोणी हलत नाही. आणि बॅगेत वेजचा कप्पा वेजचाच. तिथे भोक दिसलं की पाय आपोआप मागे वळतात.

जास्तीच्या क्लबासाठी नियमांत एक देखणी तरतूद आहे. फेरी सुरू होण्याआधीच पंधरावा क्लब सापडला आणि परत ठेवून यायला वेळ नसेल, तर तो खेळाबाहेर काढल्याचं स्पष्ट दिसेल असं काही करायचं. दुसऱ्या कोणाला द्यायचा, गाडीच्या फरशीवर ठेवायचा, किंवा बॅगेत उलटा खोचायचा, डोकं खाली, ग्रिप वर. उलटा क्लब म्हणजे घरात असून जमेत नसलेला. त्याला पुन्हा हात लावायचा नाही.

उलट्या क्लबाची आणखी एक गोष्ट आहे, नियमाच्या कितीतरी आधीची. जीन सारझन या अमेरिकन खेळाडूला वाळूतून चेंडू काढणं जड जायचं. तो विमान चालवायला शिकत होता. उड्डाणाच्या वेळी शेपटीचा पत्रा कलतो आणि विमान वर उचललं जातं हे पाहून त्याच्या डोक्यात आलं, क्लबचा तळ असाच का घडवू नये? फ्लोरिडातल्या आपल्या गॅरेजमध्ये त्यानं निब्लिकच्या मागच्या बाजूला डाख देऊन धातूचा थर चढवला, म्हणजे क्लब वाळूत रुतण्याऐवजी घसरत पुढे जावा. १९३२ची ब्रिटिश ओपन इंग्लंडच्या सँडविच गावाजवळ, प्रिन्सेस मैदानावर होती. हे विचित्र हत्यार कुणी आधी पाहिलं तर बंदी घालतील, या भीतीनं सरावाच्या वेळी तो ते बॅगेत उलटं ठेवायचा आणि खेळून झालं की ओव्हरकोटाखाली लपवून हॉटेलवर न्यायचा, असं त्यानं स्वतः पुढे सांगितलं. स्पर्धा त्यानं जिंकली. आज वेजच्या कप्प्यात जी सँड वेज डोकं वर काढून उभी असते, तिचं पदार्पण असं खाली मान घालून झालं.

लपवाछपवी स्कॉटलंडलाही नवी नाही. रविवारी खेळणं पाप मानलं जाई त्या काळात तिथे एक हातकाठी मिळायची, जिची मूठ म्हणजे क्लबचं डोकं. चर्चहून येताना ती टेकत यायचं, आडोसा दिसला की उलटी करून चेंडू मारायचा. एकाच क्लबची मोळी. लावायचा प्रश्नच नाही.

एकोणिसाव्या शतकात बॅगही नव्हती. कॅडी क्लब काखेत धरून चालायचा, आणि कोणता पुढे, कोणता मागे ते त्याच्या डोक्यात असायचं. कॅनव्हासच्या बॅगा शतकाच्या शेवटी आल्या. कॅडी हा शब्द फ्रेंच ‘कादे’वरून, म्हणजे घरातला धाकटा मुलगा, यावरून आला, आणि एडिंबरात निरोप्या-हमालांसाठी तो रुळला. आपल्याकडे गोल्फ फार जुना. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता १८२९चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी १९२७चा. आणि आपल्याकडची खरी विद्या कॅडींकडे आहे. दिल्लीत कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या अली शेरनं १९९१मध्ये इंडियन ओपन जिंकली; ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक. दुसऱ्यांच्या बॅगा वाहून तो हे सगळं शिकला. आपल्या मैदानांवर तुम्ही बॅग कशीही लावून न्या, चौथ्या होलपर्यंत कॅडीनं ती आपल्या पद्धतीनं लावलेली असते. “सात नंबर,” तुम्ही म्हणता, आणि बॅगेकडे न पाहता तो हात मागे नेऊन सात नंबर काढतो. त्याच्याशी मांडणीवरून वाद घालू नये. पटर कुठे ठेवायचा यावर त्याचं मत माझ्यासारखंच असतं, हे मी समाधानानं नोंदवून ठेवतो.

कॅडी आई असेल तर? टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१च्या ऑगस्टमध्ये, अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदकाला एका फटक्यानं मुकली. एरवी गोल्फ न पाहणारी घरंही त्या शनिवारी पहाटे टीव्हीसमोर बसली होती. (पुण्याचा उदयन माने त्याच ऑलिंपिकमध्ये पुरुषांत खेळला, ते फार कमी जणांनी पाहिलं.) अदितीची बॅग तिची आई माहेश्वरी वाहत होती. लांब मारणाऱ्यांत अदितीची गणना नव्हती. पटरनं तिला चार दिवस वर ठेवलं. आई बॅग उचलून मुलीच्या मागे चालते आहे, मुलगी हात पुढे करते आणि हवा तो क्लब तिच्या हातात येतो, हे दृश्य पाहताना मला डबा भरून देणाऱ्या आया आठवत होत्या.

शेवटी पावसाळ्याचं. गोल्फची पुस्तकं ज्या देशांत लिहिली गेली तिथे पाऊस पडतो, पण आपला जुलै त्यांना ठाऊक नाही. बॅगेचं तोंड झाकायचं प्लॅस्टिकचं टोपरं हवंच. तरी पाणी शाफ्टवरून ओघळत आत उतरतं आणि तळाशी, ग्रिपांच्या मुळाशी साचतं. बॅग तशीच गाडीच्या डिकीत ठेवली तर आठ दिवसांत वास सांगतो काय झालं ते. ग्रिप बुळबुळीत होतात, आयर्नला गंज धरतो. उन्हाळ्यात उलटी तऱ्हा. मे महिन्यात नागपुरात बंद डिकीत बॅग ठेवणाऱ्यानं लक्षात ठेवावं, की क्लबचं डोकं शाफ्टला इपॉक्सी चिकटवणीनं जोडलेलं असतं आणि फार तापलं की ती चिकटवण सैल पडते. डोकं एके दिवशी चेंडूच्याही पुढे जाऊन पडलेलं मी पाहिलं आहे.

म्हणून पावसात खेळून आलं की बॅग बाल्कनीत उलटी करून टांगायची आणि क्लब पुसून भिंतीला टेकवून उभे करायचे. मी ते उंचीप्रमाणेच लावतो. आता सवय झाली आहे. परवा घरी आलेल्या भाचीनं ते मोजले आणि पंधरा सांगितले. मी दचकून पुन्हा मोजले. पंधरावी छत्री होती, पाणी गळत होतं तिचं, आणि ती पटरशेजारी उभी होती.